फ्री हायेस का?

माझी आई सुलतानपूरला राहते आणि रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तिचा फोन येतो. तिचे पहिले वाक्य ठरलेले असते: "बाई, फ्री हायेस का?" चौथीनंतर शाळा सुटलेल्या, इंग्रजी अक्षरही न ओळखणाऱ्या या बाईने हा शब्द कोठून उचलला असावा, असे माझ्या एका सहकाऱ्याने मला कौतुकाने विचारले होते. मोबाईलने शिकवला असेल, असा त्यांचा तर्क होता. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले, काही महिने बोलणे आणि इंटरनेट दोन्ही विनामूल्य मिळाले आणि 'फ्री' हा शब्द ज्याच्या तोंडी नाही असा माणूस गावात उरला नाही, हे खरेच आहे. पण आईने तो तेथून घेतलेला नाही. तो तिला मी दिला. कसा दिला, ते सांगायला मला बरीच वर्षे लागली.

सुलतानपूर हे बुलढाणा जिल्ह्यातले, लोणार तालुक्यातले गाव. मेहकर आणि लोणार यांच्या मधले. सरोवर पाहायला येणारे प्रवासी आमच्या गावावरून जातात, थांबत मात्र नाहीत. बोली वऱ्हाडी, पण मराठवाडा जवळच असल्यामुळे तिला त्या बाजूचेही वळण आहे. या बोलीत कोणाशी दोन शब्द बोलायचे असले की आधी विचारतात, "रिकामी हायेस का?" हातातले काम बाजूला ठेवून माझ्याजवळ घटकाभर बसशील का, एवढाच त्याचा अर्थ. त्यात हिणवणे नाही. उलट समोरच्याच्या कामाची कदर आहे. आईही वर्षानुवर्षे फोनवर हेच विचारीत असे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होते. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. तास झाला तर त्याचे पैसे, न झाला तर नाहीत; दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी; वर्ष संपले की नेमणूकही संपली. एम.ए. झालेली, सेट उत्तीर्ण झालेली, दोन तासांमध्ये ग्रंथालयाच्या कोपऱ्यात डबा खाणारी मी तेव्हा कोणत्याही शब्दाला ठेचकाळत असे. अशाच एका संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे विचारले, "बाई, रिकामी हायेस का?" आणि मी फटकन म्हणाले, "आई, मी रिकामी नाहीये. कामं असतात मला."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "मी तं कवाच रिकामी नवती, बाई. पन तुह्यासाठी झाली."

दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "फ्री हायेस का?" मी कोणा मैत्रिणीला फोनवर "मी दुपारनंतर फ्री आहे" असे म्हणताना तिने कधीतरी ऐकले असणार. लेकीला 'रिकामी' म्हटलेले लागते, 'फ्री' म्हटलेले लागत नाही, एवढे तिच्या ध्यानात आले आणि तिने शब्द बदलला. त्या दिवसापासून तिने मला 'रिकामी' म्हटलेले नाही. मराठी शिकवण्याचा ज्या बाईचा व्यवसाय, तिने आपल्या आईच्या तोंडचा एक मराठी शब्द असा काढून घेतला.

आता त्या इंग्रजी विशेषणाकडे पाहू. कोणताही इंग्रजी-मराठी कोश उघडला तर 'फ्री' समोर प्रतिशब्दांची रांगच दिसते: स्वतंत्र, मुक्त, मोकळा, सुटा, रिकामा, मोफत, फुकट, खुला, सढळ. इंग्रजीला हे सगळे एका शब्दात भागवता येते, आणि त्यामुळे तिची कधी कधी पंचाईतही होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले, तेव्हापासून त्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले आहे की येथे 'फ्री'चा अर्थ किंमत नसलेले असा नसून वापरण्याचे, पाहण्याचे, बदलण्याचे स्वातंत्र्य असलेले असा आहे. आपल्याला हा खुलासा करावा लागत नाही. 'मुक्त' आणि 'मोफत' यांची मराठीत गल्लत होणे कठीण. मग प्रश्न असा पडतो की ज्या भाषेत इतक्या बारकाईने वेगळे केलेले शब्द आहेत, तिच्या बोलणाऱ्यांनी ते सगळे बाजूला सारून हा एकच ढोबळ शब्द का उचलावा?

शब्दांचे दारिद्र्य हे कारण नव्हे, हे दाखवायला एकटा 'मोकळा' पुरेसा आहे. संस्कृत 'मुक्त', प्राकृत 'मुक्क' आणि त्यातून आपला हा शब्द. माझ्या गावात तो दिवसभर राबतो. दिवस मावळताना औत सुटते आणि बैल मोकळे होतात. शिते एकमेकांना चिकटली नाहीत तर भात मोकळा झाला. न्हाऊन आलेल्या मुलीचे केस मोकळे. अडलेली बाळंतीण सुखरूप सुटली की सुईण बाहेर येऊन सांगायची, "झाली मोकळी." बसून बसून अंग आखडले की हातपाय मोकळे करायला निघायचे. मनात साठलेले बोलून टाकले की मन मोकळे. आणि कोणी घाईत काहीतरी करून बसला तर "करून मोकळा झाला" म्हणताना त्यात थोडी चीडही असते. या सगळ्या ठिकाणी आधी काहीतरी बांधलेले, अडलेले, चिकटलेले होते आणि ते सुटले, ही एकच हालचाल आहे. 'मोकळा' म्हणताना आधीचे बंधन ऐकू येते. म्हणूनच बाळंतिणीला 'फ्री' म्हणणे आपल्याला जमणार नाही.

पण हाच शब्द माणसाच्या स्वभावाला लावला की त्याची तऱ्हा बदलते. मुलगा मोकळा असला तर दिलखुलास. मुलगी फार मोकळी असली तर ऐकणारा भुवया उंचावतो. 'मोकळा' आणि 'मोकाट' यांत अंतर थोडे, आणि बाईच्या बाबतीत लोक ते फार लवकर पार करतात. माझ्या विद्यार्थिनी म्हणतात, "मॅडम, आमच्या घरी खूप फ्री वातावरण आहे." 'मोकळे वातावरण' म्हणायला त्यांना अडचण नसावी, पण स्वतःविषयी बोलताना "मी फ्री आहे, मी कोणाशीही फ्रीली बोलते" असेच त्या म्हणतात, "मी मोकळी आहे" असे म्हणत नाहीत. परका शब्द हा अशा वेळी त्यांना आडोसा वाटत असावा. त्याच्यामागे आजी-आत्यांची शेरेबाजी नसते.

'रिकामा' या शब्दामागे तर ती फारच आहे. त्याचे नाते 'रिक्त'शी, म्हणजे भांड्याशी. भांडे रिकामे असणे हा दोष नाही. रिकाम्या भांड्यातच काही ओतता येते. आईचा प्रश्न त्या जातीचा होता. पण माणसाला कामावरून मोजणाऱ्या समाजात हा शब्द माणसाला चिकटला की दूषण होतो. रिकामटेकडा, रिकामी उठाठेव, रिकामा न्हावी आणि भिंतीला लावलेल्या तुंबड्या: म्हणींनी त्याच्यावर दया केलेली नाही. शेतावर, चुलीपाशी, गोठ्यात राबून आलेल्या बाईलाही "घरीच असते, रिकामीच असते" असे म्हटले जाते, हे आणखी वेगळे. माझ्या आईने तो शब्द आयुष्यभर दोन्ही अंगांनी ऐकला होता आणि तरी मला विचारताना तिने त्याचे चांगले अंग वापरले. मी मात्र दुसरे ऐकले. त्याचे कारणही उघड होते. तासिकेवरच्या शिक्षकाच्या वेळापत्रकात दोन तासांमधल्या चौकटीत 'फ्री' असे लिहिलेले असे. कायम शिक्षकाला ती चौकट म्हणजे विसावा. मला ती म्हणजे बिनमोलाची पंचेचाळीस मिनिटे. 'फ्री'चे दोन अर्थ, सवडीचा आणि विनामूल्य असण्याचा, माझ्या बाबतीत एका चौकटीत एकत्र आले होते. मी खरोखरच रिकामी ठेवली गेले होते. आईने नेमका तोच शब्द उच्चारला आणि मी तिच्यावर तडकले.

आज तो शब्द माझे विद्यार्थी टाळतात. सुटीत गावी गेले की बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीवर एखादा जुना विद्यार्थी भेटतो. बी.ए. झालेला, मग बी.एड. केलेला, मग पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला जाणारा. "काय करतोस सध्या?" असे विचारले की तो चपलेच्या टोकाने माती उकरीत म्हणतो, "सध्या फ्री आहे, मॅडम." त्याच्या आजोबांच्या पिढीने "रिकामा आहे" म्हटले असते, आणि ऐकणाऱ्याला पुढे काहीतरी बोलणे, करणे भाग पडले असते. 'बेकार' म्हटले असते तर तो शासनाला विचारायचा प्रश्न झाला असता. 'फ्री'मध्ये यातले काही नाही. त्याने जणू स्वतःच सुटी घेतली आहे. त्याची लाज झाकली जाते, हे चांगलेच. पण त्या लाजेबरोबर त्याची तक्रारही झाकली जाते. तो शब्द ऐकून मीही "बरं बरं" म्हणते आणि पुढे जाते.

तिसरा जोड 'फुकट' आणि 'मोफत' यांचा. अर्थ जवळजवळ एकच, पण दोन्हींची पत वेगळी. फुकट खाणारा, फुकट फौजदार, फुकटचा सल्ला. 'फुकट गेले' म्हणजे तर वायाच गेले. 'मोफत' फारसी 'मुफ्त'वरून आलेला, कचेरीतून आलेला, म्हणून स्वच्छ. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. 2009 च्या कायद्याच्या मराठी नावातही 'मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क' असे शब्द आहेत. तेथे 'फुकट' घालून पाहावे, म्हणजे फरक कळतो. हक्काने मिळते ते मोफत, न कमावता लाटले ते फुकट.

माझे वडील सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. कंडक्टर अशा प्रवाशाला शून्य रुपयांचे तिकीट देतो. मेहकरला जाताना शेजारी बसलेला कोणी तरुण हसत म्हणाला, "बाबा, तुमचं बरं, फुकट फिरता." बाबांनी खिशातून ते तिकीट काढून त्याच्यापुढे धरले आणि म्हणाले, "फुकट नाई बसलो. तिकीट हाय माह्यापाशी." कोरडवाहू शेतीत पन्नास वर्षे घालवलेल्या माणसाला त्या शून्याच्या कागदाचा आधार का वाटतो, हे मला समजते. आईला 2023 च्या मार्चपासून अर्धे तिकीट लागते. ती मात्र सरळ 'अर्धं फ्री' म्हणते.

मी स्वतः फ्रीशिपवर शिकले. 'फ्रीशिप' हा शब्द महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत असा रुळला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द कोणी विचारत नाही. कार्यालयाच्या खिडकीशी दोन रांगा असायच्या आणि आमच्या रांगेतल्या कोणाचा कागद अपुरा निघाला की आतून आवाज यायचा, "फुकट शिकायचं तर कागदं तरी नीट आणा." तेच वर्ष होते, ज्या वर्षी माझ्या मावसभावाला अभियांत्रिकीला 'फ्री सीट' मिळाली आणि घरी पेढे वाटले गेले. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालानंतर व्यावसायिक महाविद्यालयांत 'फ्री' आणि 'पेमेंट' अशा जागा वेगळ्या झाल्या होत्या. 2002 मध्ये ती व्यवस्था मोडेपर्यंत फ्री सीट म्हणजे गुणवत्तेचा शिक्का होता. एकाच घरात तो एका ठिकाणी मान होता आणि दुसऱ्या ठिकाणी उपकार. शब्द तोच. खिडकीतल्या माणसाने 'फ्री'चे भाषांतर 'फुकट' केले. पेढे वाटणाऱ्यांनी ते केले नाही. एवढाच काय तो भेद.

शब्दाची पत किती महत्त्वाची असते हे शेतकरी चळवळीने आपल्याला शिकवले आहे. शरद जोशी आणि शेतकरी संघटना 'कर्जमाफी' हा शब्द नाकारून 'कर्जमुक्ती' म्हणत राहिले. माफी गुन्हेगाराला मिळते. धोरणाने लादलेल्या कर्जातून सुटका व्हायची असते. पुढे 2019 मध्ये शासनाने आपल्या योजनेच्या नावातच 'शेतकरी कर्जमुक्ती' असे शब्द घेतले. शब्द बदलल्याने सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही, हे माझ्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पण माणूस मान खाली घालून रांगेत उभा राहतो की वर करून, हे काही अंशी त्या शब्दावर ठरते.

'मुक्त'चा हा संसार अलीकडे फार वाढला आहे. तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव, प्लास्टिकमुक्त शहर. इंग्रजीत नामाला 'फ्री' जोडून जे होते त्याचा हा मराठी अवतार. पूर्वी आपण 'बिन', 'बे', 'निर्' लावून भागवीत असू. नाशिकच्या 1989 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या नावात 'ओपन'चेही 'मुक्त' झाले. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र हा शब्द प्रथम 'मुक्तछंदा'त भेटतो. मूर्तिजापूरला जन्मलेले, म्हणजे आमच्याच वऱ्हाडातले कवी अनिल यांनी 1940 च्या 'भग्नमूर्ती'त तो हाताळला. वर्गात मी सांगते की मुक्तछंद म्हणजे मोकाट छंद नव्हे, त्याला स्वतःची लय असते. सांगताना दर वर्षी लक्षात येते की 'मुक्त' आणि 'मोकाट' यांतली ही रेघ मला कवितेसाठी सहज ओढता येते, मुलींच्या बाबतीत ती ओढायला अजून शब्द सापडलेले नाहीत.

इंग्रजी शब्दांच्या आक्रमणाविषयी आपल्या व्यवसायात नेहमी बोलले जाते. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, माधव जूलियनांनी 1925 मध्ये फार्सी-मराठी कोश दिला आणि पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. ही परंपरा मोठी आहे आणि मी तिची विद्यार्थिनी आहे. पण ज्या 'मोफत'ला आज आपण आपला मानतो, तोही बाहेरचाच. तो टिकला, कारण 'फुकट'मधला डंख त्याच्यात नव्हता. 'फ्री'ही मला तसाच आलेला दिसतो. 'रिकामा', 'फुकट', 'मोकळी' या शब्दांनी जेथे जेथे माणसाला टोचले, तेथे तेथे तो येऊन बसला. त्याला हाकलायचे तर आधी ते टोचणे थांबवावे लागेल, आणि ते कोशकाराच्या हाती नाही. आपल्या हाती एवढेच आहे की कोणी 'फ्री' म्हटले की त्याखाली कोणता मराठी शब्द दडवला आहे ते ओळखावे. टपरीवरचा मुलगा 'फ्री' म्हणतो तेव्हा तो 'बेकार' म्हणत असतो. कार्यालयाच्या खिडकीत 'फ्री' म्हणजे 'फुकट' असते. हे ऐकू आले नाही तर आपले भाषेचे शिक्षण कशासाठी?

शेवटी या शब्दाच्या कुळाविषयी. व्युत्पत्तिकार सांगतात की इंग्रजी 'फ्री' आणि संस्कृत 'प्रिय' ही एकाच मुळाची फळे आहेत. जुन्या इंग्रजीत त्याच मुळाच्या क्रियापदाचा अर्थ प्रेम करणे असा होता आणि 'फ्रेंड' हा शब्दही त्याच घरातला. घरात दोन प्रकारची माणसे: एक आपली, जिव्हाळ्याची, आणि दुसरी दास म्हणून ठेवलेली. जे आपले, प्रिय, ते 'फ्री'. आपला 'मुक्त' सुटण्यातून आला, 'रिकामा' उरलेल्या पोकळीतून. 'फ्री' मात्र कोणाचे तरी असण्यातून आला. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला आईची आठवण झाली. "फ्री हायेस का?" या तिच्या प्रश्नाला व्युत्पत्तीने दिलेला हा अर्थ तिला सांगावा असे वाटले. पण ते सांगणे म्हणजे पुन्हा तिला शिकवणेच झाले असते.

म्हणून परवा मीच आधी फोन केला. दिवस सोयाबीनचे होते. तिने उचलताच म्हणाले, "आई, रिकामी हायेस का?"

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "कशाची रिकामी बाई, अंगणात सोयाबीन वाळू घातलं, वर आभाळ आलं. बोल लवकर, काय म्हनतं?"

मला काहीच सांगायचे नव्हते. ते तिला कळले असावे. कारण त्यानंतर आम्ही चांगली वीस मिनिटे बोलत होतो.